पुसट अक्षरांची गाडी : जुन्या पिकअपची चिन्हं उजळताना



आजचा विषय वाचून काहीजण हसले असतील. जुन्या पिकअपवरची पुसट झालेली नावं, चिन्हं आणि पट्ट्या पुन्हा उजळायच्या कशा, यावर व्याख्यान कशाला? त्यासाठी पेंटर आहे, रेडियमवाला आहे. खरं आहे. पण गाडी पेंटरकडे नेण्याआधी मालकाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आणि ते पेंटर देऊ शकत नाही. आपल्याला गाडी नवी दिसायला हवी आहे, की ती जी आहे ती नीट वाचता यायला हवी आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाची पद्धत, त्याला लागणारं सामान आणि उद्या गाडी विकताना समोरच्याला आपण काय सांगतो, हे सगळं या उत्तरावर ठरतं. म्हणून आज आपण आधी खुणांचा अर्थ पाहू, मग त्या का उडतात ते, मग हाताचं काम, आणि शेवटी हा प्रश्न.

गाडी काय बोलते?

हळदीच्या हंगामात हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात उभं राहिलं की पोत्यांनी भरलेल्या पिकअपची रांग दिसते. त्यातली एखादी जुनी असते आणि तिच्या पाटीवर 'एमएच २२' असतं. एमएच २२ म्हणजे परभणी. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि आपल्याला एमएच ३८ मिळाला. जिल्ह्याचा हा इतिहास त्या दोन आकड्यांत आहे. मालकानं तो लिहिलेला नाही, पण गाडी तो सांगत फिरते.

कंपनीची खूणही अशीच बोलते. १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डायमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला. त्या काळात आपल्याकडच्या टाटा ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि तिथं टाटांचा 'टी' आला. ट्रक बराचसा तोच राहिला, त्याची ओळख मात्र बदलली. पुढं २००३ मध्ये टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं. तिकडे फिरोदियांची बजाज टेम्पो १९५८ मध्ये सुरू झाली होती. 'टेम्पो' हे मूळ हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. बजाज टेम्पोची २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली आणि कंपनीच्या पाटीवरून 'टेम्पो' उतरला. पण आपल्या तोंडून उतरला नाही. आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याकडे टेम्पोच असते. पत्र्यावरचं नाव पुसलं तरी बोलीतलं टिकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन, ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला फसवायचं नाही अशाचं सांगणं. गाडीवरचं चिन्ह हे शब्दप्रमाण आहे. 'मी अमुक कारखान्यात, अमुक मॉडेल म्हणून तयार झाले' हे ते सांगतं. पुसट झालेलं चिन्ह खोटं नसतं, ते फक्त गप्प झालेलं असतं. उजळणं म्हणजे त्याला पुन्हा बोलतं करणं. त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालणं हा वेगळा उद्योग आहे. आजचं सगळं सांगणं या एका भेदाभोवती आहे.

रंग का उडतो?

हे समजायला प्रयोगशाळा नको, आपलं स्वयंपाकघर पुरे. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला की तो साबणानं जात नाही, उलट लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. पण तोच सदरा धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवला की डाग उडतो. हळदीचा पिवळेपणा ज्या रेणूमुळे असतो तो रेणू उन्हातले अतिनील किरण मोडून टाकतात. रेणू मोडला की रंग गेला.

आता याच्या शेजारी गेरू ठेवा. गेरूनं रंगवलेली भिंत वर्षानुवर्षं उन्हात उभी असते आणि तिचा तांबडेपणा टिकतो. गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, खनिज रंग, तो उन्हाला दाद देत नाही. काजळीचंही तसंच. गाडीवरच्या चकचकीत लाल, केशरी, पिवळ्या पट्ट्यांत बहुतेकदा सेंद्रिय रंग असतात, म्हणून त्या हळदीच्या जातीच्या. काळी अक्षरं मात्र टिकतात. लाल चौकटीत काळं नाव असलेल्या जुन्या स्टिकरची चौकट गुलाबी पडलेली आणि नाव शाबूत, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचं कारण हे.

उन्हाला आपण आणखी मदत करतो. कपडे धुण्याची पावडर, डिझेलचा बोळा, रॉकेलचं फडकं, भांडी घासायची तारेची घासणी यांनी अक्षरांवरचा संरक्षक थर आपणच खरवडून काढतो. मग मराठवाड्याचा उन्हाळा उरलेलं काम करतो.

चिन्हाची जात ओळखा

औषधाआधी निदान. पिकअपवर साधारण चार प्रकारची चिन्हं सापडतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो.

पहिला प्रकार पत्र्यातच दाबून उठवलेल्या अक्षरांचा. मागच्या फाळक्यावर कंपनीचं नाव असं असतं. हे सगळ्यात भाग्यवान. रंग गेला तरी अक्षराचा उठाव राहतो, म्हणजे मूळ आकार शोधायला लागत नाही. गंज असेल तर पॉलिशपेपरनं काढा, आधी जाड, मग बारीक, पाणी लावून. उघड्या पत्र्यावर प्रायमर मारा, मग फाळक्याचा रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर अक्षरांचा. अक्षरं ब्रशनं रंगवू नका. छोट्या कडक रोलरवर अगदी थोडा रंग घेऊन तो अक्षरांच्या माथ्यावरून हलका फिरवा. उंच भागालाच रंग लागतो, खोलगट भाग कोरा राहतो. इथं पेंटरला एक सूचना आवर्जून द्या: 'लांबी' भरताना अक्षरांच्या कडा बुजवू नको. सपाट केलेलं अक्षर परत उठवता येत नाही.

दुसरा प्रकार ओतीव धातूचा मोनोग्राम. बहुधा जस्ताचं मिश्रण आणि त्यावर क्रोमचा मुलामा. याला फोड आले किंवा पांढरी भुकटी धरली तर मुलाम्याखालचा धातू खराब झाला आहे. पॉलिशनं तो बरा होत नाही, घासाल तितका मुलामा सुटतो. मुलामा पुन्हा देणं हे प्लेटिंगवाल्याचं काम. त्यातली क्रोमची रसायनं विषारी असतात, घरच्या बादलीत हा प्रयोग करू नये. फोड थोडे असतील तर तसेच राहू द्या. स्वच्छ करा, वाळवा, वरून पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या.

तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या मोनोग्रामचा. अलीकडच्या गाड्यांत हाच जास्त. दिसायला चांदीसारखा, पण आत एबीएस नावाचं प्लॅस्टिक आणि वर तांबं, निकेल, क्रोम यांचे पातळ थर. सजावटीच्या कामात वरचा क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. म्हणून यावर मऊ फडकं आणि क्रोमचं सौम्य पॉलिश, एवढंच. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन याला लावू नका. एबीएस त्यात विरघळतं. मोनोग्रामच्या खोबणीतला रंग उडाला असेल तर पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग बारीक ब्रशनं खोबणीत सोडा. रंग किंचित ओढला की ओलसर फडकं सपाट बोटावर गुंडाळून माथ्यावरून एकदाच फिरवा. वरचा रंग निघतो, खोबणीतला राहतो.

चौथा प्रकार स्टिकरचा, ज्याला आपण सरसकट 'रेडियम' म्हणतो. या शब्दाचीही गंमत आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं. पुढं त्याच्या रंगानं घड्याळाचे काटे अंधारात चमकू लागले. त्यावरून चमकणारं ते सगळं रेडियम झालं. दुकानातल्या रोलमध्ये रेडियमचा कणही नसतो. साधं स्टिकर म्हणजे व्हायनल, आणि रात्री चमकणारी पट्टी समोरच्या दिव्याचा उजेड उलट फिरवते, एवढंच. पण इथं सावध राहा. मालगाडीला समोर पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल अशी परावर्तक पट्टी लागते. तिच्या जागी तशाच रंगाचं साधं व्हायनल लावलं तर दिवसा फरक कळत नाही आणि रात्री मागच्याला गाडीच दिसत नाही. ही पट्टी शोभेची नाही, जिवाची आहे.

उडालेलं स्टिकर उजळता येत नाही, ते नव्यानं कापावं लागतं. म्हणून जुनं काढण्याआधी त्यावर बटरपेपर ठेवून पेन्सिलीनं आकार उतरवा, पट्टी शेजारी धरून फोटो घ्या, आणि कडांपासूनची अंतरं टेपनं मोजून लिहा. स्टिकर निघाल्यावर खालचा रंग बाजूपेक्षा गडद निघतो, कारण तेवढ्या भागाला ऊन लागलेलं नसतं. ते गडद सावट हा उत्तम पुरावा आहे. मूळ नाव कधीच गळून पडलं असेल तर या सावटावरूनच ते वाचता येतं. म्हणून आधी फोटो, मग पॉलिश.

काढणं आणि लावणं

चिकटवलेला मोनोग्राम स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. केस वाळवायच्या यंत्रानं कोमट करा, मासेमारीचा नायलॉनचा दोरा मागं घालून करवतीसारखा मागंपुढं ओढा. दोरा अडला तर थांबा. तिथं मागून पिन किंवा चाप असतो, तो पत्र्याच्या आतल्या बाजूनं सोडवावा लागतो. पत्र्यावर राहिलेला गोंद आधी बोटानं चोळून काढा, उरलेला रॉकेलच्या बोळ्यानं मऊ करून पुसा आणि ती जागा लगेच सौम्य शाम्पूनं धुवा. मघाशी रॉकेलला नावं ठेवली ती रोजच्या पुसण्याबद्दल, हे एकदाचं काम आहे. तरी आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा.

लावताना दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटनं पुसून कोरडे करा. मास्किंग टेपनं जागेची रेघ आखा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप वापरा, दाबून धरा आणि एक दिवस पाणी लागू देऊ नका. लगेच चिकटणारा गोंद टाळा. त्याच्या वाफेनं कडेला पांढरट डाग पडतात आणि पुढच्या वेळी चिन्ह मोडल्याशिवाय निघत नाही.

बंपर आणि कडेच्या काळ्या प्लॅस्टिक पट्ट्या राखाडी पडतात, तिथं लोक खोबरेल, डिझेल, जवसाचं तेल चोळतात. एक दिवस झकास दिसतं, दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते. डिझेलनं रबरी बीडिंग फुगतं. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर वाळता वाळता तापून पेटू शकतात, तेव्हा ते पाण्यात भिजवून टाका. प्लॅस्टिकसाठीचं ट्रिम-रिस्टोरर वापरा किंवा रंगच द्यायचा तर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर मारा, नाहीतर पापुद्रे सुटतील. लोखंडी क्रोम बंपरवरचा हलका गंज स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की जातो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही.

आणि एक कडक पथ्य: चॅसिस नंबर आणि कंपनीची माहितीपाटी यांना पॉलिशपेपर लावायचा नाही, त्यावर जाड रंग चढवायचा नाही. ते आकडे गाडीची कायदेशीर ओळख आहेत. ते संशयास्पद दिसले की पासिंगला उत्तरं देत बसावं लागतं.

किती उजळायचं?

आता मूळ प्रश्न. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? दांडी रथ आहे का? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांच्या पलीकडे वेगळा रथ आहे का? तेही नाही. निष्कर्ष असा की 'रथ' हे भागांच्या आधारानं वापरलेलं व्यवहारातलं नाव आहे. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, भागांहून वेगळी आणि खरी असते. पण तेही पुढं म्हणतात की वस्त्रातला एक धागा काढला तर जुनं वस्त्र संपतं आणि उरतं ते खंडपट.

या दोन टोकांत पिकअपचा मालक कुठं उभा आहे? त्यानं इंजिन उतरवलंय, हौद्याचा पत्रा बदललाय, टायर तर किती वेळा. तरी तो म्हणतो, 'ही बाबांची गाडी.' आम्हाला वाटतं, तो चुकत नाही. वस्तूची ओळख तिच्या सलग इतिहासात असते आणि तो इतिहास वाचता येईल अशा खुणा शिल्लक असल्या की ओळख टिकते. म्हणून मोनोग्राम इंजिनापेक्षा स्वस्त असला तरी ओळखीच्या बाबतीत हलका नाही.

१९६४ मध्ये जगभरच्या वास्तुरक्षकांनी व्हेनिसमध्ये एक सनद केली. तिच्यातली दोन सूत्रं आपल्याला पुरतात. एक, जिथं अंदाज सुरू होतो तिथं दुरुस्ती थांबली पाहिजे. दोन, नव्यानं घातलेला भाग जुन्याशी जुळावा, पण जवळून पाहणाऱ्याला वेगळा ओळखू यावा. व्हेनिसला जायला नको, औंढा नागनाथला जा. खाली यादवकाळातलं कोरीव दगडी काम, वर नंतरच्या काळात वेगळ्या पद्धतीनं बांधलेला शिखराचा भाग. जोड लपवलेला नाही. म्हणून भक्ताला देऊळ अखंड दिसतं आणि अभ्यासकाला दोन्ही काळ वाचता येतात.

पिकअपला हे लावायचं तर असं: जे आहे ते आधी स्वच्छ करा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. जे पुसट आहे ते पुराव्यावरून भरा. ज्याचा पुरावाच नाही तिथं कोरी जागा ठेवा. नवं अक्षर घातलं तर त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साल लिहा. पुढच्याला कळू द्या.

फाळक्यावरची हातानं रंगवलेली अक्षरंही याच न्यायानं पाहा. देवाचं नाव, गावाचं नाव, मुलांची नावं, एखाद्या पेंटरनं ब्रशनं काढलेली. रेडियम कापणारं यंत्र आल्यापासून हा हात दिसेनासा होतोय. यंत्राचं अक्षर सगळीकडे सारखं असतं, पेंटरचा 'श्री' त्याचा एकट्याचा असतो. तो खरवडण्याआधी निदान फोटो काढा आणि जमलं तर त्याच रेषेवरून भरून घ्या. कंपनीचं चिन्ह कदाचित बाजारात मिळेल, ते अक्षर कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*मूळ मोनोग्राम मिळत नाही. त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचा लावला तर काय बिघडलं?*

गाडी चालण्यात काही बिघडत नाही. सांगण्यात बिघडतं. मॅटाडोरवर 'फोर्स' लावलं तर गाडी तयार झाली तेव्हा जे नाव नव्हतं ते ती स्वतःचं म्हणून सांगते. इथं लबाडी नसेल, पण चूक आहे. वरच्या मॉडेलचं किंवा जास्त ताकदीच्या इंजिनचं नाव लावलं तर ती सरळ लबाडी. भंगार बाजारात त्याच सालचा तुकडा शोधा, नाहीतर जागा कोरी ठेवा.

*गाडी विकायचीच आहे. मग उजळणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच नाही का?*

चांगला प्रश्न. लग्नाला जाताना आपण दाढी करतो, ती फसवणूक नाही. जन्मसाल बदलून सांगितलं तर ती फसवणूक. स्वच्छता आणि वाचनीयता यांनी गाडीबद्दलची खरी माहिती वाढते. गंज लपवायला त्यावर पट्टी चिकटवली तर ती कमी होते. कसोटी सोपी आहे: केलेलं प्रत्येक काम गिऱ्हाइकाला बोटानं दाखवून सांगायला संकोच वाटतो का? जिथं वाटतो, तिथलं काम पेंटरला सांगायचंच नाही. घेणाराही बहुधा आपल्याच भागातला शेतकरी असतो आणि हंगामाचे पैसे त्यानं त्या गाडीत घातलेले असतात. तो आपल्याला वाचून घेतो आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.